एरी सरोवरातील वॉलआयची मासेमारी : जूनमधील तीन दिवस

ओहायो राज्यातील कोलंबसहून उत्तरेकडे दोन-सव्वादोन तास गाडी चालवली, की मार्बलहेडचे द्वीपकल्प लागते. तेथे १८२२ पासून कार्यरत असलेले दीपगृह आहे आणि त्याच्यापुढे क्षितिजापर्यंत एरी सरोवराचे पाणी पसरलेले दिसते. जूनच्या मध्याला मी आणि माझा एक मित्र त्याची १९ फुटी बोट गाडीमागे जोडून तेथे तीन दिवस वॉलआय हा गोड्या पाण्यातला मासा धरण्यासाठी गेलो होतो. माझे बालपण देवगडच्या खाडीत गरवण्यात गेले असल्यामुळे गळ आणि तंगूस (गळाची दोरी) मला नवे नाहीत. मात्र या सरोवराची रीत खाडीपेक्षा निराळी आहे आणि ती समजून घेण्यात माझे पहिले दोन-तीन उन्हाळे खर्ची पडले. आमच्या मागून जाणाऱ्यांचे दिवस वाचावेत, या हेतूने हा वृत्तांत सविस्तर लिहीत आहे.

एरी हे उत्तर अमेरिकेच्या पाच महासरोवरांपैकी सर्वांत उथळ सरोवर आहे. पूर्वेकडे त्याची खोली २१० फुटांपर्यंत जाते, पण टोलीडो शहरापासून केलीज व आसपासच्या बेटांपर्यंतच्या पश्चिम भागात ती सरासरी २४ फूट एवढीच आहे. हे उथळ पाणी वसंतात लवकर तापते, तळाशी खडकाळ उंचवटे आहेत आणि मॉमी व सँडस्की या नद्या येथेच येऊन मिळतात. मार्च-एप्रिलमध्ये वॉलआय याच खडकांवर आणि या नद्यांमध्ये अंडी घालतो. पोर्ट क्लिंटन हे शेजारचे गाव स्वतःला वॉलआयची जागतिक राजधानी म्हणवते आणि तेथे ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री या माशाची भली मोठी प्रतिकृती उंचावरून खाली सोडून नवे वर्ष साजरे करतात. अंडी घातल्यानंतर मोठ्या माद्यांपैकी पुष्कळ जणी थंड आणि खोल पाण्याच्या शोधात पूर्वेकडे निघून जातात, तर तरुण मासे पश्चिमेलाच रेंगाळतात. त्यामुळे जूनमध्ये बेटांच्या परिसरात येणाऱ्याने १५ ते २० इंचांच्या माशांची अपेक्षा ठेवावी. २८ इंची मासा हवा असेल, तर एप्रिलमध्ये यावे किंवा उन्हाळ्यात पूर्वेकडच्या बंदरांचा रस्ता धरावा.

पहिल्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलोच नाही. आदल्या रात्रीपासून ईशान्येचा वारा सुटला होता, लाटा तीन ते पाच फुटांच्या राहतील असा हवामान खात्याच्या सागरी विभागाचा अंदाज होता आणि सकाळी धक्क्यावर उभे राहिल्यावर तो तंतोतंत खरा असल्याचे दिसले. उथळपणामुळे येथील लाटा समुद्राच्या लाटांसारख्या लांब आणि संथ नसतात. त्या उंच, उभ्या आणि एकमेकींना खेटून येतात, त्यामुळे बोटीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, एका लाटेवरून खाली येते न येते तोच दुसरी लाट समोर उभी ठाकते. समुद्राची सवय असलेल्या कोकणी माणसाने हे विशेष ध्यानात घ्यावे, कारण तीन फूट हा आकडा ऐकून त्याला भीती वाटत नाही आणि नेमकी तेथेच चूक होते. १९-२० फुटी बोटीसाठी दोन फूट ही मर्यादा मी स्वतःपुरती ठरवून घेतली आहे. वाऱ्याचा दुसरा परिणाम गढूळपणाचा. ईशान्येचा वारा बराच काळ वाहिला, की तळाचा गाळ ढवळून निघतो आणि पाणी निवळायला एक-दोन दिवस लागतात. नैर्ऋत्येचा जोरदार वारा सुटला तर पाणी पूर्व टोकाच्या बफेलो शहराच्या दिशेने ढकलले जाते आणि पश्चिम टोकाची पातळी काही फुटांनी खाली येते. अशा वेळी बोट पाण्यात सोडण्याचा ओळखीचा उतारही धोक्याचा ठरतो, म्हणून बोट सोडण्यापूर्वी पातळी पाहून घ्यावी.

हा रिकामा दिवस आम्ही पोर्ट क्लिंटनमध्ये, मासे साफ करून देणाऱ्या एका दुकानात घालवला आणि संपूर्ण सहलीतील सर्वांत उपयोगी माहिती आम्हाला तेथेच मिळाली. आदल्या दिवशी धरलेले मासे तेथे कापले जात होते. आम्ही विनंती केल्यावर कापणाऱ्याने दोन-तीन माशांची पोटे उघडून दाखवली. त्यांत लहान मासळी जवळजवळ नव्हती. मेफ्लायच्या पिवळसर-तपकिरी अळ्या मात्र मुठीने भरलेल्या होत्या. मेफ्लाय हा कीटक वर्ष-दोन वर्षे तळाच्या चिखलात अळीच्या रूपाने काढतो आणि जूनमध्ये एकाच वेळी अगणित संख्येने पाण्यातून वर येऊन पंख पसरतो. त्याचे थवे हवामानाच्या रडारवर ढगांसारखे उमटतात आणि गावातील दिव्यांखाली सकाळी त्यांचे ढीग साचलेले असतात. पंख फुटलेल्या कीटकाला खाता येईल असे तोंडच नसते; तो दिवस-दोन दिवस जगून अंडी घालतो आणि मरतो. तळाचा प्राणवायू संपल्यामुळे १९५३ साली हा कीटक पश्चिम एरीतून जवळपास नाहीसा झाला होता, तो १९९० च्या दशकात परतला. दुकानांच्या पायऱ्या झाडताना लोक वैतागतात, पण त्या ढिगांकडे पाहून मला मनापासून आनंद होतो, कारण सरोवराचा तळ पुन्हा श्वास घेऊ लागल्याची ती खूण आहे.

गळ टाकणाऱ्याला मात्र हेच दिवस कठीण जातात. आयते अन्न तोंडाशी येत असताना वॉलआय वेगाने पळणाऱ्या आमिषामागे धावत नाही. म्हणून लाकडी-प्लास्टिकच्या माशांचा डबा बाजूला ठेवून जिवंत गांडूळ, संथ चाल आणि तळालगतची खोली या तीन गोष्टींवर भर द्यायचे आम्ही त्याच रात्री ठरवले.

दुसऱ्या दिवशी वारा पश्चिमेकडे वळून मंदावला होता. पहाटे पाच वाजता आम्ही मॅझुरिकच्या सरकारी उतारावरून बोट सोडली. हा उतार प्रशस्त आणि मोफत आहे, पण शनिवार-रविवारी सूर्योदयानंतर तेथे रांग लागते. केलीज बेटाला वळसा घालून त्याच्या उत्तरेला २८ ते ३४ फूट पाण्यात पोहोचल्यावर मासे शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या पडद्यावर तळाला चिकटलेल्या कमानी, म्हणजे मासे, दिसू लागल्या आणि आम्ही इंजिन बंद करून बोट वाऱ्यावर सोडली. आमची मांडणी साधी होती. तारेच्या कोनावर बसवलेले दीड औंसाचे शिसे तळाला टेकत-उचलत पुढे जाते आणि त्याच्या मागे चार-पाच फूट अंतरावर दोन गळ, काही रंगीत मणी आणि फिरणारे एक गोल पाते असलेली दोरी असते. पुढच्या गळात गांडुळाचे तोंड आणि मागच्या गळात त्याचे मधले अंग अशा रीतीने ओवावे, म्हणजे ते पाण्यात सरळ लांबट राहते. गोळा झालेले गांडूळ गरगर फिरते आणि दोरीला पीळ बसतो. तंगूस पाण्यात साधारण ४५ अंशांच्या कोनात उतरली पाहिजे. ती आडवी होत असेल तर वजन वाढवावे किंवा वेग कमी करावा, हे एवढे पाळले तरी निम्मे काम होते.

वेगाबद्दल मला आग्रहाने सांगावेसे वाटते, कारण नवखा माणूस पात्याच्या रंगावर तासभर चर्चा करतो आणि बोट किती वेगाने वाहते आहे हे पाहतच नाही. सकाळी आम्ही ताशी १.८ मैलांनी वाहत होतो आणि तासाभरात फक्त एक मासा लागला. त्यानंतर बोटीच्या वाऱ्याकडील बाजूला पाण्यात कापडी पिशवी सोडली. तिच्यात पाणी भरून ती लगामासारखी ओढ देते. वेग ताशी १.१ मैलावर आला आणि पुढच्या दोन तासांत, त्याच दोऱ्यांवर आणि त्याच पात्यांवर, सहा मासे आले. पाणी आदल्या दिवशीच्या वाऱ्याने हिरवट-गढूळ होते, तेव्हा सोनेरी आणि तांब्याच्या रंगाचे पाते चालले. पाणी निवळ असेल तेव्हा चांदीसारखे किंवा जांभळे पाते मी लावतो. वॉलआयचा घास फार हलका असतो. दोरीला गवत अडकल्यासारखी जडता जाणवते आणि त्या क्षणी झटका दिला, तर अर्धे गांडूळच हाती लागते. दांडी हळूच एक-दोन फूट मागे जाऊ द्यावी, वजन पुन्हा जाणवले की मग सलग, लांब हाताने ती पुढे ओढावी. मासा वर आला, की डोक्याच्या बाजूने जाळ्यात घ्यावा.

गांडुळावर केवळ वॉलआयच येतो असे नाही. आमच्या गळाला त्या दिवशी सर्वांत जास्त लागला तो शीपहेड, ज्याला ड्रम असेही म्हणतात. येथील लोक त्याला नाक मुरडून सोडून देतात. मला मात्र त्याचा घुमणारा आवाज ऐकला, की घरची आठवण येते, कारण हा आपल्या घोळ आणि ढोम्याच्या कुळातला मासा असून उत्तर अमेरिकेत गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारा त्या कुळातला तो एकटाच आहे. त्याच्या डोक्यातील कानाचे पांढरे खडे एरीच्या किनाऱ्यावर वाहून येतात आणि मुले ते शुभ म्हणून जपून ठेवतात.

तिसऱ्या दिवशी वारा पूर्ण पडला, पाणी आरशासारखे झाले आणि वाऱ्यावर वाहण्याचा मार्गच बंद झाला. वॉलआयच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा थर असतो. त्यामुळे अंधुक प्रकाशात आणि गढूळ पाण्यात त्याला भक्ष्यापेक्षा चांगले दिसते, पण निवळ पाण्यातील प्रखर ऊन त्याला सोयीचे नसते. पहाटेच्या पहिल्या दीड तासात तळापासून वर आलेले मासे पडद्यावर १५ ते १८ फुटांवर दिसत होते. आम्ही लहान इंजिनावर ताशी १.३ मैलांनी चालत, बोटीच्या दोन्ही बाजूंना तरंगत्या फळ्या सोडल्या. या फळ्या दोरीला चिमट्याने अडकतात आणि तिला बोटीपासून ६०-७० फूट बाजूला नेतात, त्यामुळे बोटीच्या सावलीने आणि आवाजाने बिचकलेल्या माशांपलीकडचे पाणी हाती येते. गळ आम्ही माशांच्या दोन-तीन फूट वर ठेवले होते, कारण वॉलआय वर पाहून घास घेतो आणि आपल्या खालून जाणाऱ्या आमिषाकडे सहसा वळत नाही. साडेसहा ते आठ या वेळात आठ मासे मिळाले. नऊनंतर ऊन चढले आणि पुढचे तीन तास शीपहेड आणि पांढऱ्या पर्चखेरीज काही आले नाही. निवांत, उन्हाच्या दिवशी दुपारी येण्यात अर्थ नाही, हे मी अनुभवाने सांगतो. एक-दोन फुटांची लाट आणि विरळ ढग असलेला दिवस त्याहून कितीतरी चांगला.

ज्यांची स्वतःची बोट नाही, त्यांनी भाड्याच्या बोटीने जावे. सहा जणांपर्यंतच्या गटाला एक कप्तान मिळतो. अशा काही बोटींवर अजून जुनी पद्धत चालते. पुढे वजन आणि मागे पाते असलेला, एरी डिअरी नावाने प्रसिद्ध असलेला गळ गांडूळ लावून वाहत्या दिशेला फेकायचा, मनात आकडे मोजत तो बुडू द्यायचा आणि मग संथपणे गुंडाळायचा. तो सेकंदाला साधारण एक फूट बुडतो, म्हणून कोणत्या आकड्यावर मासा लागला हे लक्षात ठेवून सर्वांना मोठ्याने सांगावे. शिकण्यासाठी ही पद्धत मला सर्वोत्तम वाटते, कारण खोलीचा अंदाज यंत्राशिवाय हातात बसतो. बोट भाड्याची असली तरी १६ वर्षे आणि त्यावरील प्रत्येकाला मासेमारीचा परवाना लागतो. एका दिवसाचाही मिळतो.

आम्ही गेलो तेव्हा ओहायोच्या पाण्यात माणशी रोज सहा वॉलआय आणि किमान १५ इंच लांबी अशी मर्यादा होती. जाण्यापूर्वी त्या वर्षीचे नियम पाहावेत. केलीज बेटाच्या उत्तरेला कॅनडाची सीमा अगदी जवळ आहे आणि पाण्यावर तिची कोणतीही खूण नाही. रेषेपलीकडे मासे धरायला ऑन्टॅरिओचा परवाना लागतो, म्हणून नकाशायंत्रावर रेषा दिसत राहील अशी व्यवस्था करावी. व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मंडळींनी याबाबत जास्त सावध राहावे, कारण वाहत्या बोटीतील माणूस गप्पांच्या नादात अर्धा मैल कधी पुढे गेला हे त्याला कळत नाही. पश्चिमेकडे जाणार असाल, तर कॅम्प पेरीच्या लष्करी गोळीबार क्षेत्रात त्या दिवशी सराव आहे का, हेही विचारून घ्यावे. जीवरक्षक जाकीट पेटीत न ठेवता अंगावर घालावे. ऑगस्टमध्ये येणाऱ्यांनी हिरव्या शेवाळसदृश थराचा अंदाज पाहावा. शेतांतून मॉमी नदीवाटे येणाऱ्या फॉस्फरसवर तो पोसतो आणि २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्यातील विषामुळे टोलीडो शहराला नळाचे पाणी पिण्यास मनाई करावी लागली होती. अशा पाण्यात हात घालू नयेत आणि तेथे धरलेला मासा स्वच्छ पाण्याने नीट धुवावा.

मासा पाण्याबाहेर येताच बर्फात गेला पाहिजे. आम्ही माणशी १० किलो बर्फ नेला होता आणि जूनच्या उन्हात तो पुरेसाच ठरला, उरला नाही. वॉलआयचे मांस पांढरे, घट्ट आणि जवळजवळ बिनकाट्याचे असते. त्याला स्वतःचा असा उग्र वास नाही, म्हणून मसाला बेताचा असावा. आगळ, हळद, मीठ आणि थोडे लाल तिखट लावून अर्धा तास ठेवावे आणि तांदळाच्या पिठात रवा मिसळून तव्यावर तळावे. गालाचे दोन लहान गोळे साफ करणाऱ्याकडून मागून घ्यावेत, नाही तर ते टाकून दिले जातात. गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी पाऱ्याच्या दृष्टीने किती मासा खावा, याचा सल्ला ओहायो सरकार देते. तो पाहूनच त्यांच्या ताटात वाढावा. उरलेले तुकडे हवा काढलेल्या पिशवीत भरून गोठवले, तर दोन-तीन महिने चांगले राहतात. आमचे मात्र श्रावणाच्या आधीच संपले.