बिंदू तेच, निकाल दोन

एकाच हाउसिंगचे (यंत्राच्या धातूच्या कवचाचे) दोन इन्स्पेक्शन रिपोर्ट माझ्यासमोर होते. व्हेंडरच्या रिपोर्टात मधल्या बोअरची, म्हणजे मोठ्या भोकाची, पोझिशन (ठरलेल्या जागेपासूनची चूक) ०.१९, आमच्या रिपोर्टात ०.२२. ड्रॉइंगवर मुभा ०.२० मिलिमीटरची. त्यांच्याकडे पास, आमच्याकडे रिजेक्ट, आणि निवाडा करायचं काम माझ्या गळ्यात.

अशा वेळी पहिलं बोट मशीनकडे जातं. तापमान, प्रोब (भागाला टेकून मोजणारं टोक), क्लॅम्पिंग, सगळ्यावर बोलून झालं. "साहेब, सीएमएम नुकतंच कॅलिब्रेट करून घेतलंय," बिंदू मोजणाऱ्या त्यांच्या मशीनबद्दल व्हेंडरकडचे इन्स्पेक्टर ठामपणे सांगत होते, आणि ते खरंही होतं. मी त्यांच्याकडून मोजलेल्या बिंदूंची कच्ची फाइल मागवून घेतली आणि आमच्या सॉफ्टवेअरमध्ये चालवली. उत्तर आलं ०.२२. म्हणजे मोजणीत खोट नव्हती, फरक मोजणीनंतरच्या हिशेबात होता.

मग दोन्हीकडची सेटिंग शेजारी शेजारी उघडली. डेटम म्हणजे ज्याच्या आधाराने बाकीची मापं घेतात तो संदर्भ; इथे डेटम ए म्हणजे हाउसिंगचा तळ. त्यांच्या प्रोग्राममध्ये तो 'लीस्ट स्क्वेअर'ने बसवला होता: सगळ्या बिंदूंच्या मधून जाणारं सरासरी प्रतल. पण भाग सरफेस प्लेटवर ठेवला की सरासरीवर टेकत नाही, उंचवट्यांवर टेकतो. ड्रॉइंग एएसएमई वाय १४.५ या अमेरिकन मानकाच्या २०१८ च्या आवृत्तीनुसार होतं, आणि त्याच्या जोडीचं गणिती मानक, वाय १४.५.१ ची २०१९ ची आवृत्ती, प्रतल धातूच्या बाहेरच राहील अशा बंधनासह लीस्ट स्क्वेअर मागतं. नावात साम्य असलं तरी उत्तर वेगळं. डेटम बाहेरून टेकवायचा हे आयएसओ ५४५९ या आंतरराष्ट्रीय मानकातही आहे, त्यामुळे 'आम्ही आयएसओ वापरतो' या उत्तराने सुटका नव्हती.

तळाची एक कड जराशी वर, म्हणजे बाहेर आलेली होती. त्यामुळे दोन प्रतलांत ८० मिलिमीटर रुंदीवर ०.०२ चा तिरकेपणा आला. बोअरचं वरचं टोक तळापासून ६० मिलिमीटरवर. तिथे अक्ष ०.०१५ ने सरकतो, आणि पोझिशन व्यासात सांगतात म्हणून ते दुप्पट होऊन ०.०३. सरकण्याची दिशा आधीच्या चुकीचीच होती, त्यामुळे ०.१९ चे थेट ०.२२ झाले. इतका स्वच्छ हिशेब क्वचितच जुळतो, म्हणून तो मी दोनदा करून पाहिला.

बोल्टच्या भोकांची गंमत वेगळी. तिथे ड्रॉइंगवरच्या मुभेच्या चौकटीत गोलातला एम होता, म्हणजे भोक किमान मापापेक्षा जितकं मोठं निघेल तेवढी पोझिशनला जादा मुभा, म्हणजे बोनस. भोक १२.०० ते १२.२०, मुभा ०.२०. एका भोकाचा सरासरी व्यास १२.१०, पण आत बसणारा सर्वांत मोठा सिलिंडर १२.०७, कारण भोक किंचित लंबगोल होतं. एएसएमई बोनस या सिलिंडरवरून मोजतं, कारण बोल्टला सरासरी व्यासाशी काही देणंघेणं नसतं. मर्यादा ०.३० ची ०.२७ झाली आणि पोझिशन होती ०.२८, म्हणजे भोक बाद.

हे सगळं व्हेंडरच्या विरोधातच जात होतं असंही नाही. वरच्या फेसचा फ्लॅटनेस त्यांनी ०.०५२ दाखवून मुभा ०.०५ म्हणून स्वतःच बाद केला होता. फ्लॅटनेस म्हणजे सगळे बिंदू मावतील अशा दोन समांतर प्रतलांमधलं कमीत कमी अंतर. लीस्ट स्क्वेअर त्यापेक्षा जास्तच दाखवतं, फार तर बरोबरी करतं. तेच बिंदू मिनिमम झोनने, म्हणजे या कमीत कमी अंतराच्या पद्धतीने, तपासले तर ०.०४६ आले. चांगला फेस उगाच बाद झाला होता.

मग सॉफ्टवेअरवाले लीस्ट स्क्वेअर का ठेवतात? कारण ते शांत असतं. एखादा धुळीचा कण प्रोबखाली आला तरी सरासरीत विरघळतो. टेकणारं प्रतल मात्र नेमकं त्याच कणावर जाऊन बसतं. म्हणून मानकाप्रमाणे हिशेब हवा असेल तर भाग नीट पुसायचा, चार टोकांच्या बिंदूंवर भागवायचं नाही, आणि फिल्टर (बिंदूंमधला बारीक खडबडीतपणा गाळणारं सेटिंग) कोणता लावला तो लिहायचा. चार बिंदूंतून तळाची कड वर आहे हे दिसलंच नसतं. माझ्या मते खरं भांडण इथेच असतं, सॉफ्टवेअरचा ब्रँड दुय्यम.

व्हेंडरने कडेचा बर, म्हणजे बाहेर आलेली धातूची धार, काढून हाउसिंग पुन्हा मोजलं आणि बोअर ०.१९ ने पास झालं, या वेळी दोन्हीकडे. ते भोक मात्र बादच राहिलं. आता रिपोर्टच्या वरच मानक आणि त्याचं वर्ष, डेटमचा फिट, फिल्टर आणि बिंदूंची संख्या छापली जाते. डेटम शिफ्टचा, म्हणजे डेटम सैल बसल्याने भागाला मिळणाऱ्या हालचालीचा, हिशेब अजून दोघांच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळा निघतो. तेवढ्यापुरता भाग आम्ही गेजवर, म्हणजे तो बसतो की नाही हे दाखवणाऱ्या साच्यावर, तपासतो.