पॅलाटाइनवरचा फेब्रुवारी

आज रोममध्ये पॅलाटाइन टेकडी पायी पालथी घातली. वर रोम्युलसची (दंतकथेतला रोमचा संस्थापक) झोपडी म्हणून जी जागा दाखवतात, तिथे खडकात खांबांची भोकं तेवढी उरलीयत. याच टेकडीच्या पायथ्याशी लुपरकाल गुहा होती. 15 फेब्रुवारीला तिथे प्राचीन रोमनांचा लुपरकॅलिया सण व्हायचा. बोकड आणि कुत्रा बळी द्यायचे. रक्ताळलेली सुरी दोन तरुणांच्या कपाळाला टेकवायची, दुधात भिजवलेल्या लोकरीने ते रक्त पुसायचं आणि मग त्या पोरांनी हसायचं! (सक्तीने, बरं का.) नंतर कातड्याच्या वाद्या घेऊन जवळजवळ उघडी पोरं पळत सुटायची आणि बायका मुद्दाम पुढे होऊन फटके खायच्या. मूल होतं, बाळंतपण सोपं जातं अशी समजूत. इ.स.पूर्व 44 मध्ये याच सणात अँटनीने सीझरपुढे मुकुट धरला होता.

यातूनच व्हॅलेंटाइन डे निघाला म्हणतात, ते मला काही पटत नाही. तारखा शेजारी-शेजारी आहेत, एवढंच. त्या दिवसाचं प्रेमाशी नातं ठळक दिसतं ते थेट 14व्या शतकात, इंग्रज कवी चॉसरच्या पक्ष्यांवरच्या कवितेत.

हे सगळं नवऱ्याला ऐकवत टेकडी उतरले. त्याला फक्त जेवायला कुठे जायचं ते हवं होतं.