पोर्तुगीज चर्चच्या स्टॉपवरून लिस्बनला

दादरला गोखले रोडवर आमच्या घराजवळचा बसस्टॉप म्हणजे 'पोर्तुगीज चर्च'. चर्च मूळचं १५९६ सालचं, आत्ताची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी आखलेली. आम्ही मात्र 'पोर्तुगीजला उतर' एवढंच म्हणतो. त्या शब्दामागे एक अख्खा देश आहे, तिथली माणसं आजही बोलतात, भांडतात, भाजी आणतात, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षी एका सेमिस्टरसाठी पोर्तुगालच्या राजधानीत, लिस्बनला जायची संधी मिळाली आणि फेब्रुवारीत मी निघाले.

व्हिसा, विमा, बँकेची पत्रं यांत दोन महिने गेले. ते सोडून देते.

ग्रासा नावाच्या टेकडीवर एका सत्तरीच्या बाईंकडे मी खोली घेतली होती. २८ नंबरची पिवळी ट्राम त्याच भागातून चढत जाते. लिस्बनच्या जुन्या घरांत हीटर नसतो, हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. बाहेर पाऊस, आत भिंतींना ओल. ओली थंडी कोरड्या थंडीपेक्षा जास्त बोचते. आजीने बळेबळे बॅगेत कोंबलेली गोधडी पहिल्याच रात्री उपयोगी पडली.

त्याच संध्याकाळी बाईंनी माझ्या हातावर किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "शाव." मी म्हटलं, "चावी." त्या थबकल्या. मग मोरीतला साबण दाखवून म्हणाल्या, "सबाँव." मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं. घरापासून इतक्या लांब आल्यावर पहिल्याच दिवशी घरातला शब्द भेटला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गल्ल्यावरच्या मुलीने काहीतरी भराभर विचारलं. त्यातला एकच शब्द मला कळला, 'पगार'. तिकडे 'पागार' म्हणजे पैसे देणं. आपण फक्त महिन्याच्या शेवटी मिळणाऱ्या पैशांना ते नाव ठेवलं. त्या दिवसापासून मी एक वही केली. बटाटा, पाव, अननस, काजू, कोबी, बालदी, घमेलं, इस्त्री, फीत, नाताळ. बटाटा, अननस, काजू मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पोर्तुगीज जहाजांतून माल उतरला आणि त्याच्याबरोबर नावही उतरलं. पण सगळेच शब्द असे गोड नाहीत. 'लिलाव' त्यांच्या 'लैलाँव'वरून आला. 'तुरुंग' आला तो 'ट्रोंकु'वरून, म्हणजे झाडाचा बुंधा, कैद्याचे पाय अडकवायचा ओंडका. आपल्या तोंडातला तुरुंग त्यांनी आणलेला आहे, हे वहीत लिहिताना माझा हात जरा थांबला.

एका रविवारी आजीला व्हिडिओ कॉल लावला. लिस्बन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे, त्यामुळे आमची सकाळ म्हणजे दादरची दुपार. आजीने ओट्यावरून बटाटा उचलून दाखवला. बाई म्हणाल्या, "बताता!" आजीने पाव दाखवला. "पाँव!" मग बाईंनी बालदी उचलली, "बाल्द." आजी म्हणाली, "अगो बाई, ह्यांची पण बालदीच!" दोघींना एकमेकींचं एक वाक्य कळत नव्हतं, तरी अर्धा तास दोघी वस्तू दाखवत बसल्या होत्या. त्या सहा महिन्यांतला माझा सगळ्यात सुंदर अर्धा तास तोच.

अभ्यास कडक होता. सेमिस्टरला ३० क्रेडिट, गुण २० पैकी, पास व्हायला १०. भरपूर वाचून यायचं आणि वर्गात बोलायचं. मी सादरीकरणासाठी वसई घेतली. तिथल्या कागदांत ती 'बसाईं' असते आणि १७३९ साल हे गमावल्याचं साल असतं. मी चिमाजीअप्पांच्या मोहिमेबद्दल सांगितलं, वसईच्या चर्चमधल्या घंटा आज मेणवलीच्या आणि भीमाशंकरच्या देवळात वाजतात हे सांगितलं. वर्गात कुणालाच ते ठाऊक नव्हतं. एकच वेढा, पण माझ्यासाठी विजय आणि त्यांच्यासाठी पुसट झालेली आठवण. त्यानंतर प्राध्यापकांनी मला शेजारच्या तोरे दो तोंबू या राष्ट्रीय अभिलेखागारात जाऊन बसायला सांगितलं. तिथे गोवा आणि लिस्बन यांच्यातला पत्रव्यवहार 'मान्सूनची पुस्तकं' या नावाने बांधून ठेवला आहे, कारण जहाजं पावसाळी वाऱ्यांच्या हिशेबाने निघत. आपला मान्सून तिथे कपाटात भेटला.

घराजवळच साँव व्हिसेंत द फोरा हा मठ आहे. ब्रागांझा राजघराण्याच्या कबरी तिथे आहेत आणि त्यांत राजकन्या कॅथरीनचीही. १६६१च्या तहात इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सशी तिचं लग्न ठरलं आणि हुंड्यात मुंबई इंग्रजांना दिली गेली. प्रत्यक्ष ताबा मिळायला १६६५ उजाडलं. शाळेत हे एका ओळीत वाचलं होतं. तिथे उभं राहिल्यावर वाटलं, हिने मुंबई कधी पाहिलीसुद्धा नाही. नवरा गेल्यावर ती लिस्बनला परत आली आणि १७०५ मध्ये इथेच वारली. मी बराच वेळ तिथे उभी होते.

२५ एप्रिलला बाईंनी माझ्या कुडत्याला लाल कार्नेशन टोचलं. १९७४ साली याच दिवशी हुकूमशाही संपली आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत ही फुलं खोचली. बाई तेव्हा तरुण होत्या आणि रस्त्यावर होत्या. गोवा भारताचा आहे, हे पोर्तुगालने मान्य केलं तेही त्याच वर्षाच्या शेवटी. लोक स्वतः मोकळे झाले आणि मग त्यांनी दुसऱ्यांचंही मोकळं होणं मानलं, असं मला त्या गर्दीत चालताना वाटत राहिलं.

जूनमध्ये संत अँथनीचा सण. गल्लीबोळांत सार्डिन भाजण्याचा धूर, आपल्या तारल्यांचीच जात. आणि प्रत्येक खिडकीत मांजेरिकूची कुंडी. बारीक पानांची, तुळशीच्या कुळातली. नाक थेट लावायचं नाही, तळहात पानांवरून फिरवून तो हुंगायचा. कुंडीत कागदी फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली असते. निघताना बाईंनी मला त्यांची कुंडी दिली. विमानातून रोप नेता येत नाही, म्हणून फूल आणि कविता तेवढी काढून घेतली.

ते फूल आता दादरच्या गॅलरीत तुळशीत खोचलेलं आहे. पावसाची झड आली की आजी आधी ते आत घेते, मग वाळत घातलेले कपडे.