संत पास्काल बायलोन : मेंढपाळ आणि द्वारपाल

ख्रिस्तशरीराच्या, म्हणजे वेदीवर अर्पण होणाऱ्या भाकरीतील ख्रिस्ताच्या, भक्तीसाठी ज्या संतांची नावे घेतली जातात, त्यांत धर्मगुरू आणि धर्मपंडित अधिक आहेत. संत पास्काल बायलोन मात्र मेंढपाळ होते, आणि म्हणूनच वर्षातले कित्येक महिने ऊसतोडीला बाहेर राहणाऱ्या, रविवारची मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) चुकणाऱ्या आमच्या मराठवाड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांना हा संत परका वाटू नये, असे मला वाटते.

पास्काल यांचा जन्म १६ मे १५४० रोजी स्पेनमधील आरागोन प्रांतातल्या तोरेएर्मोसा या गावी झाला. घरची गरिबी असल्यामुळे सातव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंत त्यांनी मेंढ्या राखल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना अक्षरे विचारत ते रानातच वाचायला शिकले. कळप सोडून मिस्सेला जाता येत नसे. त्यामुळे चर्चची घंटा ऐकू आली, की ते तिकडे तोंड करून असतील तिथेच गुडघे टेकत. मेंढ्यांनी कुणाच्या पिकात तोंड घातले, तर त्याची भरपाई ते आपल्या मजुरीतून देत, असेही त्यांच्या चरित्रांत येते. उभ्या ज्वारीत कळप शिरला की बांधावर काय रामायण घडते, हे आमच्याकडे कुणाला सांगायला नको. तिथे आपणहून पैसे काढून देणारा मेंढका विरळाच. त्यांच्या नावावर पुष्कळ चमत्कार सांगितले जातात, पण रानात गुडघे टेकणारा माणूस आणि नुकसान भरून देणारा माणूस एकच होता, हे मला त्या सर्वांहून मोठे वाटते.

१५६४ मध्ये ते फ्रान्सिस्कन संघात, म्हणजे संत फ्रान्सिस यांच्या अनुयायांच्या संन्यासी संघात, दाखल झाले. धर्मगुरुपद त्यांनी कधीच घेतले नाही; अखेरपर्यंत साधे बंधू राहून मठाचे दार सांभाळणे, स्वयंपाक करणे, बागेत राबणे आणि दाराशी आलेल्या गरिबांना अन्न देणे हीच कामे त्यांनी केली, तर रात्रीचे कित्येक तास पवित्र साक्रामेंतासमोर, म्हणजे चर्चमध्ये जपून ठेवलेल्या ख्रिस्तशरीरासमोर, घालवले. संघाची पत्रे घेऊन ते फ्रान्सला गेले, तेव्हा तिथे कॅथलिक आणि ह्यूगनॉट (फ्रान्समधले प्रोटेस्टंट) यांच्यातील धर्मयुद्धे पेटलेली होती; ख्रिस्तशरीरावरील आपली श्रद्धा न लपवल्यामुळे त्यांनी वाटेत दगडांचा मार खाल्ला.

१७ मे १५९२ रोजी, पेंटेकॉस्टच्या (पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या) सणादिवशी, स्पेनमधील व्हिलारेआल येथे त्यांचे निधन झाले. १६९० मध्ये त्यांना संतपद मिळाले आणि १८९७ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी त्यांना जगभरातील ख्रिस्तशरीर अधिवेशनांचे (या भक्तीसाठी भरणाऱ्या मेळाव्यांचे) आश्रयदाते संत म्हणून घोषित केले. ज्याला वेदीवर मिस्सा अर्पण करण्याचा अधिकार कधीच नव्हता, त्या द्वारपालाला हा मान मिळाला! अशा अधिवेशनांपैकी १९६४ चे मुंबईत भरले आणि त्या निमित्ताने पोप पॉल सहावे भारतात आले; कोणत्याही पोपची ती पहिलीच भारतभेट होती.

१९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात व्हिलारेआल येथील त्यांची समाधी उद्ध्वस्त करण्यात आली. पुढे ती नव्याने बांधली गेली. फिलिपिन्समधील ओबांदो गावी मात्र त्यांच्या सणाला, मूल व्हावे म्हणून, जोडपी आजही रस्त्यावर नाचतात. इकडे १७ मेला त्यांच्याविषयी बोलले गेलेच, तर अधिवेशनांचा उल्लेख हमखास होतो; पिकाच्या भरपाईची गोष्ट मी प्रवचनात अजून ऐकलेली नाही.