न फोडता

मी इचलकरंजीत बांगड्या भरते. सासूबाईंकडून शिकले, बावीस वर्षं झाली. मापं आण्यांत: दोन-चार म्हणजे दोन इंच चार आणे, सव्वादोन. पण मापापेक्षा अंगठ्याखालचा सांधा बघायचा. तो दाबून मऊ केला की एक माप लहान बांगडीही चढते आणि मनगटावर झकास बसते. हल्लीच्या मुली हात ताठ ठेवून फोनवर बोलतात. मग बांगडी वाढली (आम्ही 'फुटली' म्हणत नाही), की दोष माझा.

मागच्या महिन्यात एका लग्नघरी चुडा भरायला गेले. नवरीची आई सगळ्यांना चहा देत होती. नवरा जाऊन नऊ वर्षं. नवरीनं तिचा हात ओढून माझ्या पुढ्यात ठेवला. "काकू, आईला पण हिरव्याच."

आत्याबाई म्हणाल्या, "निदान रंग तरी दुसरा घ्या." हेरवाड इथून लांब नाही. विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, असा ठराव तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये केला, पाठोपाठ सरकारचं परिपत्रकही निघालं. पण ज्यांचे हात आधीच मोकळे झालेत, त्यांना पुन्हा भरायच्या का, हे शेवटी आत्याबाईच ठरवतात.

मी काही न बोलता हात धरला. नऊ वर्षांत सांधा पार आखडलेला. तेल लावून दाबत राहिले. एका हातात पाच, दुसऱ्यात सहा. एकही वाढली नाही.

भरून झालं की बायका कासारणीला नमस्कार करतात. तीही सवयीनं वाकली आणि माझ्याही तोंडून सवयीनं "अखंड" निघून गेलं. पुढचा शब्द गिळला. "सुखी राहा," म्हटलं, पण तोवर तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं होतं. त्या नजरेत राग होता की हसू, अजून कळत नाही.

लग्नानंतर पाचव्या दिवशी ती दुकानात आली. "काढून द्या. पण फोडू नका."

भरण्यापेक्षा हे अवघड. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवली, वरून साबणाचं पाणी, आणि एकेक सरकवत आणली. अकराच्या अकरा निघाल्या. तिनं त्या मोजून रुमालात बांधल्या. "लेकीच्या डोहाळजेवणाला येते परत," म्हणाली.

पैसे विचारले. काढायचे मी घेत नाही.

जाताना ती पुन्हा वाकली. मी नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.