कायाफासचं पाणी आणि अनिग्रोसच्या अप्सरा

ऑलिंपिया बघून झालं की बहुतेक लोक अथेन्सचा रस्ता धरतात, आम्ही मात्र पिर्गोसला मुक्काम टाकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या गाडीनं दक्षिणेला निघालो, कारण मला मावशीला कायाफास दाखवायचं होतं. आम्ही दोघीच. मावशीला कोड आहे, एकोणिसाव्या वर्षापासून, हातांवर आणि मानेवर. तिचं लग्न ठरवताना काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आईनं मला सांगितलंय, त्यामुळे या जागेबद्दल वाचल्यापासून ती डोक्यातून गेलीच नव्हती.

कायाफास म्हणजे झाखारो गावाच्या अलीकडचं तळं. एका अंगाला लापिथास डोंगर, दुसऱ्या अंगाला पाइनची झाडं, वाळू आणि लगेच आयोनियन समुद्र. २००७ च्या ऑगस्टमधे या भागात भयंकर वणवे लागले होते, कितीतरी माणसं गेली त्यात. गाडीची काच खाली केली तोच वास आला, सडलेल्या अंड्यांसारखा, आणि मावशी म्हणाली, "अगं, हे तर आपल्या उन्हवऱ्यासारखं!" दापोलीकडचं उन्हवरे. ती लहानपणी गेलेली, आजोबांबरोबर. गंधकाचा वास एकदा नाकात बसला की जात नाही.

हा वास प्राचीन ग्रीकांनाही छळत होता. इथल्या अनिग्रोस नदीबद्दल जुना ग्रीक भूगोलकार स्ट्राबो लिहितो की २० स्टेडिया, म्हणजे साधारण साडेतीन किलोमीटरपर्यंत घाण वास येतो आणि मासे खाण्यालायक राहत नाहीत. कारण काय, तर हेराक्लीस या ग्रीक वीरानं हायड्राच्या, म्हणजे अनेक तोंडांच्या सापाच्या, विषात बुडवलेला बाण एका सेंटॉरला लागला, म्हणजे अर्धा माणूस अर्धा घोडा असतो ना त्याला, आणि त्यानं जखम या नदीत धुतली, कुणी म्हणतात तो कायरॉन, कुणी म्हणतात पायलीनॉर. दुसरी गोष्ट अशी की प्रोइटोस राजाच्या वेड लागलेल्या मुलींना मेलाम्पस नावाच्या द्रष्ट्यानं बरं केलं आणि शुद्धीसाठी वापरलेलं सगळं इथे टाकून दिलं. दोन्ही गोष्टींत कुणाची तरी पीडा या पाण्यानं पोटात घेतलीये, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि त्याच पाण्याशेजारी गुहा, अनिग्रिड अप्सरांची. दुसऱ्या शतकातल्या पॉसेनियस या ग्रीक प्रवासी लेखकानं तिथला विधी लिहून ठेवलाय. अंगावर पांढरे डाग असलेल्या माणसानं आधी अप्सरांना नवस बोलायचा, मग डागांची जागा पुसून काढायची, मग नदी पोहून जायची. तो म्हणतो, माणूस पाण्यात 'ओनेइदोस' सोडून बरा होऊन, एका रंगाचा होऊन वर येतो. ओनेइदोस म्हणजे लांछन. रोग सोडतो असं न लिहिता त्यानं लांछन लिहिलं. हे मी गुहेसमोरच्या दगडावर बसून मावशीला सांगितलं, ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "बरोबर लिहिलंय गं त्याने."

गुहेच्या अंधारातून कोमट पाणी येतं, तळाशी राखाडी चिखल. मावशीनं पर्समधून हळदकुंकवाची डबी काढली आणि काठच्या दगडाला बोट लावलं. आमच्या गावी विहिरीवर साती आसरांची ओटी भरतात, खण, बांगड्या, हिरव्या असतात बहुतेक, तेच तिच्या मनात असणार. ग्रीकमधे 'निम्फी' शब्दाचा एक अर्थ नवरी असाही आहे, म्हणजे ओटी अगदीच परक्या ठिकाणी गेली नाही.

मग तिनं बाह्या दुमडल्या. पूर्ण. बाहेर ती असं कधीच करत नाही. शेजारी पाण्यात बसलेल्या एका म्हाताऱ्या ग्रीक बाईनं ओंजळभर चिखल घेतला आणि काही न विचारता मावशीच्या हाताला कोपरापर्यंत लावायला लागली, तोंडानं एकीकडे बोलणं चालूच. मी ऑलिंपियाजवळच्या किथेरोस नदीकाठच्या चार अप्सरांची नावं मावशीला सांगणार होते, कालिफाइया, सिनालासिस, पेगाइया आणि इआसिस, त्यातल्या इआसिसचा अर्थच बरं होणं असा आहे, पण त्या दोघींमधे बोलावंसं वाटलं नाही.

कोड गेलं का, तर नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशीच मरतात, गंधकाच्या पाण्यानं त्या परत येत नाहीत, आणि स्पर्शानं ते पसरतही नाही, हे दुसरं वाक्य आपल्याकडे किती घरांत अजून सांगावं लागतं.

हॉटेलवर पोचेपर्यंत मावशीची चांदीची जोडवी काळी पडली होती, गंधकानं पडतातच. टूथपेस्टनं घासून देते म्हटलं तर नको म्हणाली. आठ महिने झाले, अजून तशीच आहेत.