चाळीस नाही, दहाच दिवस

तबलजींमध्ये ‘चिल्ला’ हा शब्द जरा आदरानेच उच्चारतात. मूळ फारसीत चाळीस या आकड्याचा. सूफी साधक चाळीस दिवस एकांतात बसत, तसं तबला घेऊन बसायचं. नोकरदार माणसाला एवढी रजा कोण देतो? दहा दिवस मिळाले तरी पुष्कळ. फक्त ते पावसाळ्यात कोकणातल्या घरी नकोत. दमट हवेत पुडी (तबल्यावरचं कातडं) सैल पडते, सूर उतरतो आणि निम्मा रियाज हातोडीने सूर लावण्याचाच होतो. डिसेंबर-जानेवारी बरा.

सोबत कायदा, म्हणजे पलटे करून वाढवत नेण्याची ठरलेल्या बोलांची रचना, एकच न्यायचा. दिल्ली घराण्याचा ‘धातिटधा तिटधाधा तिटधागे तिनाकिना’. तो सगळ्यांनाच येतो, म्हणून तर न्यायचा. लेहरा (ताल धरून ठेवणारी, फिरून फिरून येणारी धून) मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत, कायदा दुगुनीत, म्हणजे मात्रेला दोन अक्षरं. खाली-भरी (डग्ग्याचा घुमारा काढून घेतलेला भाग आणि घुमाऱ्यासकटचा भाग) मिळून ३२ अक्षरांची एक फेरी १६ सेकंदांत, म्हणजे तासाला २२५ फेऱ्या. पहिल्या पन्नास मजेत जातात. शंभरी ओलांडली की ‘ट’ पोकळ होतो. मधल्या बोटाचा ‘ति’ शाईवर (पुडीच्या मधल्या काळ्या वर्तुळावर) नीट बसतो, तर्जनी मात्र नुसती शिवून परतते. खालीत ‘तातिटता’ला बाया (डग्गा) गप्प हवा, तर दमलेला डावा हात सवयीने तिथेही घुमारा देऊन मोकळा. घरी कुकरच्या शिट्यांमध्ये हे ऐकूच येत नाही. एकट्या खोलीत लपत नाही.

अशा वेळी हात जोर लावायला जातो. जोर खांद्यातून आला की मनगट आखडतं, आणि बोल आणखी बिघडतो. लय ५० वर आणायची आणि फक्त ‘तिट’ वाजवायचं, दोन्ही अक्षरं सारख्या वजनाची होईपर्यंत. हात जड होणं चालतं; मनगटात कळ किंवा बोटांना मुंग्या आल्या तर बैठक तिथेच संपली.

पहाटे दोन तास, संध्याकाळी दोन, दुपारी जमलं तर एक. दर पन्नास मिनिटांनी दहा मिनिटं उठायचं. चौथ्या दिवसापासून पलटे (त्याच बोलांची उलटापालट), तेही चारच. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. तेव्हा दुसरा कायदा काढायचा मोह होतो, किंवा मोबाईल उघडायचा. लेहरा त्याच मोबाईलवर असतो, ही खरी पंचाईत! निदान फ्लाइट मोडवर तरी टाकावा.

रोज शेवटची पाच मिनिटं रेकॉर्ड करून ठेवायची. दहाव्या दिवशी लय परत ६०. पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग तेव्हाच ऐकायचं, त्याआधी नाही.